एक माप वरचं

१२ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,

पत्राची सुरुवात आशीर्वादाने करायची असते हे तुझ्या मामाला ठाऊक आहे. पण आज आधी भांडण, मग आशीर्वाद.

काल नगरपालिकेचा शिपाई आपल्या दुकानाच्या दारावर एक कागद चिकटवून गेला. हिरव्या शाईतला. 'पेट्रोलवर चालणारे गवत कापायचे मशीन जमा करा, विजेवरचे नवे मशीन विनामूल्य न्या. हवा स्वच्छ ठेवा.' खाली हवा तपासणाऱ्या खात्याचा शिक्का आणि अधिकाऱ्याची सही. चष्मा पुसून तीनदा पाहिली. सहीची शेपटी अशी लांब ओढायची खोड तुला मीच लावली होती, ऑइलच्या डब्यांवर बोटाने अक्षरं गिरवून घेताना. तुझी आई नोकरीवर जायची आणि माझी ही धाकट्या बहिणीची लेक दिवसभर आमच्या दुकानात भिंगरीसारखी फिरायची. त्याच लेकीने आज मामाच्या दारावर नोटीस लावली, आणि तीही मामाच्याच वळणाच्या अक्षरात! घर फिरलं की वासे फिरतात म्हणतात. इथे वाशांनीच घर फिरवलं.

अडतीस वर्षं मी ह्या गावाची मशीनं दुरुस्त करतो आहे. शनिवारी सकाळी अंथरुणात पडल्या पडल्या मला गाव ऐकू येतं. तो खाकरत सुरू होतो तो हॉस्पिटलच्या हिरवळीचा म्हातारा. ती किंचाळते ती शाळेच्या मैदानावरची ढालगज. जज्जसाहेबांच्या बंगल्यावरचं मात्र हळू, खालच्या पट्टीत, जणू निकाल वाचतंय. इतक्या वर्षांत माझ्या हातचं एकही मशीन जाम झालेलं नाही. कंपनी सांगते, पन्नास भाग पेट्रोलला एक भाग ऑइल. सांगायला कंपनीचं काय जातं, ती थोडीच उन्हात मैदानावर उभी असते? मी एकाला दोन घालतो. एक माप कंपनीचं, एक माप वरचं. आई लेकराला वाढताना घास मोजत नाही.

चौथीच्या पुस्तकात एक कविता होती. कवीचं नाव उंदरांनी खाल्लं, पण दोन ओळी माझ्याकडे शिल्लक आहेत:

गवत कापले, पुन्हा उगवले, मातीस नाही राग;
कापणाऱ्याच्या बोटांनाही हिरवा हिरवा डाग.

हा डाग तुमच्या विजेच्या खेळण्यांना पडणार आहे का, ते कळव.

तुझी मामी मजेत आहे. मागच्या खोलीत मिश्रणाच्या बाटल्या भरते आहे. जराशी खोकते. हवा बदलते आहे. ह्या हवेवरही तुझ्या खात्याने एखादा कागद काढावा.

आता आशीर्वाद.

तुझा,
मामा


२० फेब्रुवारी

मामा,

भांडण पोचलं. आशीर्वाद एकाच ओळीत उरकलास, तोही पोचला.

नोटिशीवर सही माझीच आहे. तू दुसऱ्या कोणाकडून ऐकण्याआधी तुला लिहायला हवं होतं, ते राहिलं. खरं सांगायचं तर धीर झाला नाही.

आता थोडं ऐक. गाडीच्या धुराड्याला गाळणी असते, तुझ्या मशीनांना काहीच नसतं. न जळलेलं पेट्रोल आणि ऑइल जसंच्या तसं बाहेर येतं, आणि मशीन ढकलणारा माणूस त्या धुरातूनच चालतो. आम्ही दोन वर्षं सगळ्या गावांत पेट्या लावून मोजतोय. तुमची पेटी पाण्याच्या टाकीवर आहे. शनिवार-रविवार तिचा आकडा असा चढतो की पहिल्यांदा मला वाटलं पेटी बिघडली. त्यात एक कोडं आहे. तुमच्या गावात मशीनं बाकीच्या गावांच्या निम्मी, आणि धूर दुप्पट. आमच्या खात्यात कोणालाच उलगडा होत नाहीये.

आता काम. जमा झालेलं मशीन पुन्हा कोणी चालू करू नये म्हणून मालकाच्या समोर त्याच्या इंजिनाला ड्रिलने आरपार भोक पाडायचं, असा नियम आहे. हे काम गावातल्याच जाणत्या मिस्त्रीने करावं अशी माझी शिफारस आहे. लोक परक्या माणसाच्या हाती मशीन देणार नाहीत, तुझ्या देतील. नंतर बॅटरीच्या मशीनांची दुरुस्तीही तुलाच शिकवतील. दुकान बंद होणार नाही, मामा. मी त्यासाठीच धडपडते आहे.

मामीला डॉक्टरकडे ने. सिरपची बाटली नको, डॉक्टर.

तुझी,
भिंगरी


६ मार्च

चि. भिंगरी,

वा! कसायाला गाय धार्जिणी असते हे ऐकलं होतं, पण गायीच्या मालकालाच कसाई नेमायची युक्ती सरकारलाच सुचते. माझं उत्तर: नाही.

रविवारी बागेत तुमच्या लोकांनी विजेच्या मशीनचा खेळ लावला होता. मी मागे उभा राहून पाहिला. एक चष्मेवाला तपासनीस ते झुरळासारखं यंत्र हिरवळीवरून फिरवत होता. आवाज म्हणशील तर मामीच्या शिवणयंत्राएवढा.

शाळेचा माळी मला म्हणाला, "मिस्त्री, हे चालू आहे का बंद?"

मी म्हटलं, "गवताला विचार."

तपासनिसाने ऐकलं. हसून म्हणाला, "काका, ऐकू येत नाही हाच तर फायदा."

"बाळा," मी म्हटलं, "ज्याचं ऐकू येत नाही त्याचं दुखणं कळायचं कसं?"

माळी खो खो हसला. पण जाताना त्याने अर्ज घेतलाच. घडी करून खिशात घातला, माझ्याकडे न बघता.

मामीला डॉक्टरकडे नेलं होतं. तो म्हणाला, ऋतू. सिरप दिलं. तुझी मामी म्हणते तिला काही झालेलं नाही, आणि तुझी मामी आजवर एकदाही खोटं बोललेली मला माहीत नाही.

तुझा,
मामा

(त्याच पाकिटात, वहीच्या चतकोर पानावर)

भिंगरी बाळ, पाकीट मी चिकटवते, म्हणून हे ह्यांच्या नजरेला पडणार नाही. ह्यांनी डॉक्टरच्या दारात सोडलं, पण मी बाहेरच्या खोलीत बसून परत आले, आत गेलेच नाही; 'ऋतू' हे ह्यांना मीच सांगितलं. सिरप औषधाच्या दुकानातून घेतलं. मला आता आडवं झोपता येत नाही, उशा लावून बसते. हे म्हणतात, अग बसून काय विचार करतेस. जिने चढायचे तर मधे थांबावं लागतं. मागच्या खोलीत मशीन चालू केलं की छातीवर कोणी बसल्यासारखं होतं. थंडीत दार लावून चालू करतात ना, तेव्हा फार.

ह्यांना सांगू नकोस. माझ्या धुराने हिला झालं, असं ह्यांच्या मनात एकदा आलं की हा माणूस उठायचा नाही. मी ह्यांना ओळखते. तू तेवढं ते विजेचं लवकर आण. आवाज नसतो म्हणतात. हे काय बोलतात ते दुकानात कधी तरी एकदा मला नीट ऐकायचं आहे.

— मामी


१५ मार्च

मामा,

तुझं 'नाही' पोचलं. मामीला सांग, पाकीट छान चिकटवलं होतं, आतलं सगळं नीट पोचलं.

काम घे, असं मी पुन्हा म्हणते. हट्ट समज. लहानपणी मी स्पॅनर हवा म्हणून रडले होते तेव्हा तू दिला होतास.

आणखी एक. नवा नियम आला आहे. दुरुस्तीच्या दुकानात बंद खोलीत मशीन चालू करून बघायचं नाही. बाहेर, उघड्यावर करायचं. मिश्रण भरायचं कामही उघड्यावर. तपासणी होते. मोडलास तर माझी पंचाईत होईल, एवढं लक्षात ठेव.

डॉक्टर बदल. मी इथल्या मोठ्या हॉस्पिटलात विचारून ठेवते.

भिंगरी


२ जून

चि. भिंगरी,

घेतलं काम. तुझ्या हट्टापायी नाही. तुझ्या मामीने चार दिवस माझ्याशी अबोला धरला. पाचव्या दिवशी म्हणाली, "तुम्ही नाही केलंत तर दुसरा कोणी करेल, आणि त्याला आपल्या मशीनांची माया नसेल." तिला बोलण्यात मी कधी जिंकलोय?

आजपर्यंत दोनशे बारा झाली. बागेच्या फाटकापाशी मांडव घातला आहे. माणसं ओळीत उभी, प्रत्येकाच्या पुढ्यात आपलं मशीन, जणू शाळेत पोरांना घालायला आलेत. मी प्रत्येकाला शेवटचं एकदा चालू करतो. नियमात नाही, पण करतो. दोन मिनिटं बोलू देतो, मग बंद, मग ड्रिल. ॲल्युमिनियमचा चुरा चांदीसारखा उडतो.

हॉस्पिटलचा म्हातारा दोरीच्या एका ओढीत सुरू झाला ग. एका दोरीत! माळी म्हणाला, "मिस्त्री, हा तर अजून दहा वर्षं चालला असता."

मी म्हटलं, "म्हणूनच मारायचा. आपोआप मरणाऱ्याला सरकार कशाला लागतं?"

जज्जसाहेब स्वतः आले होते. भोक पाडताना तोंड फिरवून उभे राहिले. जन्मभर शिक्षा सुनावल्या, पण पाहिली नसावी कधी.

आता आनंदाची बातमी, कारण एवढ्या मोठ्या दुःखातही तुझा मामा गौरवला गेला. तो चष्मेवाला तपासनीस एक एक उघडलेलं इंजिन बॅटरीच्या उजेडात बघत होता. आत काजळीचे थर. म्हणाला, "काका, ह्या गावातल्या सगळ्या मशीनांत ऑइल दुप्पट आहे. सगळ्याच. असं का?"

मी छाती पुढे काढून म्हटलं, "एक माप कंपनीचं, एक माप वरचं. अडतीस वर्षांत एकही जाम नाही. विचार गावाला."

त्याने वही काढून सगळं लिहून घेतलं. किती वर्षं, किती मशीनं, माझ्या हाताखाली शिकून कोण कोण बाहेरगावी गेलं, मिश्रण कोण भरतं, कुठे भरतं. आजवर मला कोणी इतकं विचारलं नव्हतं. शेवटी दुकानात आला आणि मागच्या खोलीच्या फळीवर एक चपटी पेटी दोन दिवस ठेवून गेला. मामीला वाटलं रेडिओ आहे. म्हणाली, "मेला काही वाजतच नाही." तुमच्या अहवालात माझ्या पद्धतीचा उल्लेख होईल असं तो म्हणत होता.

तुझा बाहेर चालू करायचा नियम मी उन्हात वाळत घातला आहे. मागच्या खोलीत आवाज कसा घुमतो! तिथे मला पिस्टनचं मन कळतं. बाहेर काय कळणार? आणि आता मशीनं उरलीत किती. तपासणीला कोणी आलं तर चहा पाजेन.

मामी तुझी आठवण काढते. थोडी वाळली आहे. उन्हाळा.

तुझा,
मामा


११ जून

मामा,

पत्र उघडलं तेव्हा ऑफिसात होते. दार लावून ते पुन्हा वाचलं.

मामीला घेऊन ह्या महिन्यातच ये. पंचवीस तारखेची वेळ घेतली आहे, छातीच्या डॉक्टरांची. कारणं सांगू नकोस. आईही वाट बघते आहे.

आणि मिश्रणाचं काम मामीने करायचं नाही. हासुद्धा नवा नियम आहे. घरच्या माणसांना त्या खोलीत बसू द्यायचं नाही. आजपासून. लेखी हुकूम मागाहून येईल.

अहवालाबद्दल भेटीत बोलू.

भिंगरी


२८ सप्टेंबर

भिंगरी,

तुझी मामी जाऊन आज अडतीस दिवस झाले. मी मोजतो असं नाही. मोजलं जातं.

पंचवीस जूनला आम्ही आलो नाही. जज्जसाहेबांकडे विजेचं मशीन बसवायला मला बोलावलं होतं, तुझी मामी म्हणाली जा, मग बघू. जुलैच्या शेवटी आलो तेव्हा तिला जिन्यावरून खुर्चीत बसवून उतरवावं लागलं. तुमच्या त्या मोठ्या हॉस्पिटलात डॉक्टरबाईंनी फोटो उजेडाला धरला आणि मला विचारलं, "ह्या कुठल्या कारखान्यात होत्या?" मी म्हटलं, "घरीच होत्या." तू माझ्या शेजारी उभी होतीस. तू खाली बघितलंस. मला वाटलं, पोरीला रडू येतंय.

परवा टपालाने अहवाल आला. योजनेचा मिस्त्री म्हणून मला एक प्रत. नवव्या पानावर माझा फोटो, हातात ड्रिल. 'गावातील ज्येष्ठ तंत्रज्ञ.' शेजारचे लोक बघायला आले. त्यांनी फोटो बघितला आणि गेले. मी वाचत बसलो, कारण मला पहिलीपासून पुस्तक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचायची सवय आहे. चौदाव्या पानावर पोचलो. ते तुला पाठच असेल, तरी लिहितो. एका गावात यंत्रे निम्मी असूनही धूर दुप्पट आढळला. कारण, तेथील एका दुरुस्तीदाराची इंधनात दुप्पट ऑइल घालण्याची पद्धत. सर्वांत वाईट हवा रस्त्यावर नव्हे, तर दुरुस्तीच्या दुकानातील मागच्या खोलीत आढळली. तिथे रोज बसणाऱ्या व्यक्तीच्या जिवाला धोका संभवतो. त्या नोंदीखाली तारीख पंधरा जून.

तिथे रोज बसणारी व्यक्ती.

सव्वीस वर्षं तिने ते टेबल सोडलं नाही. मापं तिच्या हाताने पडायची. मी दारातून ओरडायचो, "वरचं घातलंस का?" आणि ती म्हणायची, "घातलं हो घातलं."

तू म्हणालीस नियम आहे. बाहेर चालू करायचं, नियम आहे. तिला बसू द्यायचं नाही, नियम आहे. अग, सरकारी नियमाला बगल देणं ही तर मी कला मानत आलो! तुला माहीत नव्हतं? तू माझ्या दुकानात वाढलीस. एकदा, फक्त एकदा लिहायचंस: 'मामा, मामी मरेल.' तीन शब्द. मी त्या खोलीचं दार चौकटीसकट उपटून फेकलं असतं.

आणि माझं नाव का गाळलंस? 'एक दुरुस्तीदार.' एवढा मोठा पराक्रम केला आणि नाव नाही?

मामा


६ ऑक्टोबर

मामा,

नाव मी गाळलं. तपासनिसाने लिहिलं होतं, मी खोडलं.

आता जे लिहिते आहे ते वाचून तू मला परत पत्र लिहिणार नाहीस कदाचित. तरी लिहिते.

मार्चमध्ये तुझ्या पाकिटात मामीची चिठ्ठी होती. ती डॉक्टरकडे आत गेलीच नव्हती. तिला आडवं झोपता येत नव्हतं. तुला सांगायचं नाही असं तिने लिहिलं होतं. तुला कळलं तर तू उठणार नाहीस म्हणून. मी तिचा शब्द पाळला. नियमांच्या आडून तिला बाहेर काढता येईल असं मला वाटलं. ते नियम खोटे होते, मामा. असला कुठलाच नियम नव्हता. लेखी हुकूमही नव्हता.

आणि कोडं. तुझ्या पहिल्याच पत्रात त्याचं उत्तर होतं. एक माप कंपनीचं, एक वरचं. मी ते वाक्य इतक्या लहानपणापासून ऐकत आले की वाचताना ते डोळ्यांवरून नुसतं घसरून गेलं. मी परत तुलाच विचारलं, उलगडा होत नाही म्हणून. जूनमध्ये तुझं पत्र वाचलं तेव्हा समजलं.

तेव्हा तरी गाडीत बसून यायला हवं होतं. चार तासांचा रस्ता. का आले नाही, ह्याचं एक कारण मामीचा शब्द. दुसरंही आहे. जूनमध्ये निम्मी मशीनं यायची बाकी होती. लोक फक्त तुझ्यासाठी ओळीत उभे होते. तुला तेव्हा सांगितलं असतं तर तू ड्रिल खाली ठेवलं असतंस आणि योजना तिथेच थांबली असती. मी स्वतःला म्हणाले, पंधरा दिवसांनी सांगू. असं मी दोनदा म्हणाले.

तुमच्या पेटीचा आकडा तिसऱ्या हिश्शावर आला आहे. सगळ्या गावांत सर्वांत मोठी घट. मला त्यासाठी शाबासकी मिळाली. हे मी तुला दुसऱ्या कोणाकडून कळू देणार नाही, म्हणून लिहिते.

मामीची चिठ्ठी सोबत पाठवते. ती तुझी आहे.

भिंगरी


३ नोव्हेंबर

भिंगरी,

चिठ्ठी मिळाली. अक्षर तिचंच. एक महिना मी तुला लिहिलं नाही. शब्द शोधत होतो म्हणून नव्हे. मला जितके शब्द येतात ते सगळे पाठ केलेले आहेत आणि त्यातला एकही कामाचा निघाला नाही.

तुम्ही दोघींनी माझं मन जपलं. एकीने मायेने, दुसरीने मायेने आणि थोडं कामासाठी. तराजूत एका बाजूला माझं मन ठेवलंत, दुसऱ्या बाजूला तिचा श्वास. माझं मन जड भरलं. मी तुला दोष देत नाही, असं लिहायची वेळ अजून आलेली नाही. मी तुला दोष देतो. तिलाही देतो, आणि ती ऐकायला नाही.

शाबासकी घे. हवा खरंच चांगली झाली आहे. शनिवारी सकाळी गावात काही ऐकू येत नाही. मी जागा असतो.

आता कामाचं लिहितो. त्या तपासनिसाने माझ्याकडून सहा नावं लिहून घेतली होती, माझ्या हाताखाली शिकून बाहेरगावी गेलेल्या मिस्त्र्यांची. त्या गावांत तुमची योजना अजून पोचलेली नाही. सहाही जण वरचं माप घालतात. मी शिकवलंय, ते विसरणार नाहीत. मी प्रत्येकाकडे जायचं ठरवलं आहे. आज पहिल्याकडे आलो. हे पत्र मी इथल्या बसस्टँडवर बाकावर बसून लिहितोय, परतीच्या गाडीला वेळ आहे.

दुकान माझ्याहून मोठं केलंय त्याने. मला बघून पाया पडला. "उस्ताद, एक फोन करायचात, गाडी पाठवली असती." मागे खोली आहे. माझ्यासारखीच. टेबलाशी त्याची बायको बाटल्या भरत होती, चाळिशीची असेल. तो म्हणाला, "जा, उस्तादांना चहा टाक." मी म्हटलं, "नको. तिला इथेच बसू दे. मला तिच्यासमोर बोलायचं आहे."

आणि बोललो. सगळं. तुझी मामी, उशा, खुर्ची, फोटो, चौदावं पान. काही शिल्लक ठेवलं नाही. तो ऐकत होता आणि त्याचा चेहरा हळूहळू परक्याचा झाला. शेवटी म्हणाला, "उस्ताद, वहिनी गेल्या, तुमचं दुःख मी समजू शकतो. पण विजेवाल्यांनी अहवालातला तुमचा फोटो पेपरात छापला, हेही मी पाहिलंय."

मी म्हटलं, "निदान वरचं माप बंद कर."

"आणि मशीन जाम झालं तर? गिऱ्हाइकाला काय सांगू? तुम्हीच तर सांगायचात, आई घास मोजत नाही."

"चुकीचं सांगायचो."

"वीस वर्षांनी?" तो म्हणाला. मग उठून त्याने एक मशीन चालू केलं, आतच, खोलीत. माझ्याशी बोलायचं नव्हतं म्हणून. आवाज सुरेख होता. तेवढंही मला कळलं, ह्याची मला लाज वाटली.

मी स्टँडवर येऊन बसलो. दहा-पंधरा मिनिटांनी त्याची बायको आली. पदराला हात पुसत, घाईत. कोणी बघत नाही ना असं मागे बघून माझ्यापासून हातभर अंतरावर बसली.

"काका, तुम्ही बोललात ते खरं आहे का?"

"खरं आहे."

"मलाही जिना चढताना थांबावं लागतं," ती म्हणाली. "पण मी जाड झालेय, म्हणून असेल."

मी म्हटलं, "डॉक्टरकडे जा. बाहेर बसू नकोस, आत जा. आणि उद्यापासून टेबल अंगणात घे. त्याने ऐकलं नाही तरी तू घे."

ती रस्त्याकडे बघत होती.

"अंगणात ऊन फार असतं हो," ती म्हणाली. आणि उठून दुकानाकडे चालायला लागली.

गाडी लागली. उद्या दुसऱ्याकडे जायचं आहे.

मामा